थोरलीची हनुवटी

धाकटीच्या ओठात टाचणी रुतली होती आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता. पत्ता लागला तो समोरच्या नवरीला. नवरी मोतिया रंगाचा लांब पोशाख घालून स्टुलावर उभी होती आणि धाकटी तिच्या पायाशी बसून खालची दुमड टाचत होती. ओठांत टाचण्यांची रांग धरलेली, आणि तोंडाच्या उरलेल्या कोपऱ्यातून बडबड चालू. तीस वर्षं ती अशीच काम करत आली होती. टाचण्या ठेवायला मनगटावर बांधायची गादी मिळते, हे तिला कुणी सांगायला गेलं तर ती म्हणे, "ओठ काय भाड्याने द्यायचेत?"

"अहो, रक्त!" नवरी ओरडली.

धाकटीने आधी नवरीचा पाय पाहिला, मग स्वतःची बोटं. तेवढ्यात मोतिया कापडावर लाल थेंब दिसला, आणि ती बघत असतानाच त्याच्या शेजारी दुसरा पडला.

आतून थोरली आली. तिने ना नवरीला धीर दिला, ना बहिणीची चौकशी केली. रिळाचा पांढरा दोरा तोडला, तोंडात घालून चांगला ओला केला आणि खाली बसून डाग टिपायला लागली. ज्याचं रक्त त्याची थुंकी, हा शिवणकामातला जुना उपाय. सगळे शिंपी तो करतात आणि गिऱ्हाइकासमोर कुणी करत नाही. या दुकानात मात्र धाकटीच्या रक्ताला थोरलीची थुंकी चालायची, कारण दोघी जुळ्या. निदान थोरलीचं म्हणणं तसं होतं, आणि डाग जायचा हेही खरं.

डाग गेला. नवरीही गेली, जरा घाईनेच. मग थोरलीने धाकटीची मान दिव्याकडे वळवली आणि खालच्या ओठातली टाचणी उपटली. चांगली खोल गेलेली होती.

"दुखलं नाही?"

"दुखलं की," धाकटी म्हणाली.

दुखलं नव्हतं. ओठ तिचा होता, रक्तही तिचं होतं, पण सगळा प्रकार शेजारच्या घरात चालल्यासारखा वाटत होता.

दुकान दोघींचं. खाली शिवणकाम, वर राहायच्या दोन खोल्या. थोरली बेतायची आणि कापायची, धाकटी अंगावर बसवायची. गिऱ्हाइकं त्यांना मोठ्या ताई आणि छोट्या ताई म्हणत, जरी दोघींच्या वयात जेमतेम एक चहा होईल एवढंच अंतर होतं. दुकानात कापडी पुतळा नव्हता आणि कधी लागलाही नाही. एकीचं माप तेच दुसरीचं, त्यामुळे धाकटीला काही बेतून बघायचं असलं की ते थोरलीच्या अंगावर चढे, आणि थोरलीचं धाकटीच्या. खांदे, पाठ, कंबर, मनगट, सगळं बरहुकूम. फरक फक्त हनुवटीत होता, आणि तो देवाने केलेला नव्हता.

तरुणपणी धाकटी शिवण सांभाळून संध्याकाळी एका फोटो स्टुडिओत काउंटरवर बसत असे. तिथला फोटोवाला बारीक ब्रशाने फोटो दुरुस्त करायचा. कुणाच्या पुटकुळ्या घालव, कुणाचं टक्कल झाक. एकदा त्याने हौसेने दोघी बहिणींचा एकत्र फोटो काढला आणि धाकटीवर खूश होता म्हणून तिला ब्रशाने थोडी हनुवटी वाढवून दिली. या बहिणींची हनुवटी मुळात जरा बेताचीच होती, खालच्या ओठाखाली चेहरा लवकर आटपल्यासारखा. थोरलीच्या चेहऱ्याला त्याने ब्रश लावला नाही. कंटाळला असेल. पण त्यामुळे एकाच कागदावर एकच चेहरा दोनदा छापून आला, एकदा हनुवटीसकट आणि एकदा हनुवटीवाचून. धाकटी तो फोटो बघत बसली, आणि व्हायचं ते होऊन गेलं.

मैत्रिणीकडे जाते म्हणून ती पंधरवडाभर गायब झाली आणि परत आली ती हनुवटीत सिलिकॉनचा तुकडा बसवून. दार थोरलीने उघडलं. तिने बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "बरं झालं. गिऱ्हाइकांचा घोळ मिटला." आणि चहा टाकायला आत गेली.

एवढ्यावर मिटलं असतं तर ही गोष्ट सांगायचं कारण नव्हतं. पण महिनाभराने, कापड बेतता बेतता, मान वर न करता थोरलीने विचारलं, "म्हणजे इतकी वर्षं माझ्याकडे बघून तुला कसंसंच होत होतं का गं?"

धाकटी हसली. काहीतरी बोलून तिने विषय टाळला. थोरलीने पुन्हा कधी विचारलं नाही, आणि त्यानंतर ती बहिणीबरोबर आरशासमोर कधी उभीही राहिली नाही. अंगावर काही बघायचं असलं की ती आरशाला पाठ करी आणि म्हणे, "तूच बघ आणि सांग." फोटोची वेळ आली की तिला हटकून स्वयंपाकघरात काम निघे. धाकटीचं लग्न झालं, मोडलं, त्याचा हनुवटीशी काही संबंध नव्हता, आणि ती आपली पेटी घेऊन परत वरच्या खोलीत आली, तेव्हाही थोरलीने हूं की चूं केलं नाही. पेटी उचलू लागली, इतकंच. प्रेमाची माणसं अशी असतात की भांडतही नाहीत, आणि मग ते न झालेलं भांडण जन्मभर घरात वावरत राहतं.

आता त्या हनुवटीला अठ्ठावीस वर्षं झाली होती. बसवणाऱ्याने 'आयुष्यभर बघायला नको' असं सांगितलं होतं, पण कुणाच्या आयुष्यभर, हे काही बोलला नव्हता. त्याच्या दवाखान्याच्या जागी कधीच चपलांचं दुकान आलं होतं. दोनेक वर्षांपूर्वी खालच्या दातांत सणक यायला लागली. मग थंडीत हनुवटीवरचं कातडं ताणून चकचकीत दिसायला लागलं आणि बोट फिरवलं की आत एका बाजूला कड लागायची. मग मुंग्या. मग मुंग्याही गेल्या आणि काहीच उरलं नाही. चहा ओठावरून ओघळला तर कपड्यावर पडल्यावर कळायचं. जेवताना तोंडाला काही लागलंय का, हे ती समोरच्याच्या नजरेवरून ओळखायला शिकली. या सगळ्याला तिने पद्धतशीर कानाडोळा केला. तिला भीती वाटायला हवी होती, पण तीही ओठासारखीच झाली होती. आहे हे माहीत असायचं, पण जाणवायची नाही.

टाचणीच्या प्रकारानंतर मात्र ती एकटीच जबड्याच्या सर्जनकडे गेली. थोरलीला सांगितलं, बटणं आणायला जाते.

डॉक्टर तरुण, बोलका. त्याने तिला डोळे मिटायला लावले. "मी कापूस लावतो, मग टोक लावतो. कळलं की हो म्हणा."

ती डोळे मिटून बसली. बाहेर कुणीतरी फोनवर कुणाची तरी वेळ बदलत होतं. बराच वेळ गेला.

"करा ना सुरू," ती म्हणाली.

"झालंसुद्धा," डॉक्टर म्हणाला.

त्याने पडद्यावर तिचा जबडा दाखवला. सिलिकॉनचा तुकडा हळूहळू वर सरकला होता आणि ज्या हाडावर टेकला होता ते हाड त्याने खाऊन टाकलं होतं, पार दातांच्या मुळांपर्यंत. ओठाला जाणारी नस कडेखाली दबली होती. तुकडा काढायलाच हवा, डॉक्टर म्हणाला. पण नुसता काढला तर तिथे खड्डा पडेल, कातडं गोळा होईल, ओठ नीट मिटणार नाही. आधी तुकडा काढायचा, जखम भरू द्यायची, आणि मग कमरेचं हाड घेऊन हनुवटी पुन्हा घडवायची. नस सुधारेल किंवा सुधारणार नाही.

"अडचण एकच," तो म्हणाला. "तुमचं मूळ हाड कसं होतं ते कुठेच नोंदलेलं नाही. अंदाजाने घडवायचं म्हणजे... नात्यात तुमच्यासारखं दिसणारं कुणी?"

"जुळी बहीण आहे."

डॉक्टरचा चेहरा उजळला. "मग काय! नमुना घरातच आहे. त्यांचा एक स्कॅन काढू, त्यावरून साचा करू. त्यांना फक्त घेऊन या."

फक्त. धाकटी बटणं न घेताच घरी आली.

थोरलीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. ती आपला साचा कुणाला देत नसे. तिचे कागदी साचे आतल्या खोलीत खिळ्यांना टांगलेले असत, आणि मोठमोठ्या दुकानांची माणसं येऊन गोड बोलून गेली तरी तिने एक कधी हलू दिला नाही. म्हणे, ज्याला माझं आवडतं त्याने माझ्याकडे यावं. आता त्याच बाईला सांगायचं होतं, तुझा जो चेहरा मी टाकून दिला तो मला मापाला दे. कुठल्या तोंडाने सांगणार? धाकटीने ते उद्यावर ढकललं, मग परवावर. दिवस येत होते, जात होते, ती काज करत होती, हुक लावत होती. टाचण्या मात्र आता बशीत ठेवत होती. हनुवटी जाण्याचं तिला काही नव्हतंच. हातचं जाणार होतं ते दुसरंच काहीतरी. निम्मं दुकान, निम्मी शिवण, आणि जिच्या अंगावर आयुष्य बेतलं ते माणूस. थोरली नाही म्हणाली तर धाकटीला चालणार होतं. ती हो म्हणेल आणि आतून तुटेल, याची तिला धास्ती होती.

थोरली काही आंधळी नव्हती. एका दुपारी तिने दुकानाचं दार लोटलं, पाटी उलटी केली आणि म्हणाली, "बस. डोळे मिट."

"कशाला?"

"मिट म्हणते ना. मी दोरा लावते ओठाला. कळलं की हो म्हण."

धाकटीने डोळे मिटले. थोरलीच्या सपातांचा आवाज ऐकून तिने अंदाज बांधला.

"हो."

"बरं. आता?"

"हो."

"आणि आता?"

"हो गं बाई, हो! काय चाललंय तुझं?"

"उघड डोळे."

थोरली कापायच्या टेबलाशी उभी होती, खोलीच्या पार त्या टोकाला. हातात रीळ होतं आणि दोऱ्याचं टोक अजून रिळाच्या खाचेतच अडकवलेलं होतं.

"मी अजून तुझ्याजवळ आलेच नाही," थोरली म्हणाली. "कधीपासून?"

मग धाकटीने सगळा पाढा वाचला. सणक, मुंग्या, हाड, नस, कंबर, डॉक्टर. आणि शेवटी नमुना. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आवाज सपाट राहिला, जणू उसवून आलेल्या कुणाच्या तरी कोटाची हकिकत सांगतेय. थोरली रिळावर दोरा गुंडाळत होती. तो आधीच गुंडाळलेला होता.

"मी तुला एकदा एक विचारलं होतं," ती म्हणाली. "आठवतंय?"

"आठवतंय."

"हसून घालवलंस."

"हो."

"मग आता सांग. हसू नकोस आणि मला बरं वाटावं म्हणून काही जोडू नकोस. माझ्याकडे बघून तुला कसंसंच होत होतं का?"

धाकटीकडे तयार उत्तरं पुष्कळ होती. अठ्ठावीस वर्षांत तिने ती कितीदा तरी घडी घालून ठेवली होती. तुझ्याकडे बघून नाही गं, स्वतःकडे बघून. मी तरुण होते, अक्कल नव्हती. तो फोटोवाला मेला. पण आत्ताच तिचे तीन खोटे 'हो' पकडले गेले होते आणि चौथ्या खोट्याची ताकद उरली नव्हती.

"हो," ती म्हणाली. "रोज व्हायचं. तू समोर बसून जेवायचीस, तेव्हा जास्त."

रस्त्यावरून एक गाडी गेली. शोकेसची काच थरथरली आणि थांबली.

थोरलीने रीळ खणात ठेवलं. "ठीक आहे," ती म्हणाली. मग पाटी सुलटी करायला दाराशी गेली आणि तिकडे तोंड करूनच म्हणाली, "डॉक्टरकडे किती वाजता जायचं? सकाळी असेल तर बरं. दुपारी मला वकिलीणबाईंचा कोट द्यायचाय."

स्कॅनच्या खोलीत थोरलीने कानातलं काढून धाकटीच्या मुठीत दिलं. यंत्राखाली निजताना तिने तिथल्या माणसाला विचारलं, "हलू नका म्हणता, पण शिंक आली तर?" बाहेर आल्यावर ती डॉक्टरच्या पडद्यासमोर उभी राहून स्वतःचं हाड न्याहाळू लागली, जसं दुसऱ्याने शिवलेलं काम न्याहाळायची.

"यात काही खोट आहे का?" तिने विचारलं.

"खोट? नाही. उत्तम हाड आहे."

"ऐकलंस?" थोरली धाकटीला म्हणाली. आणि मग पुढचा आठवडाभर ती येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत सुटली, की डॉक्टर म्हणाले, माझं हाड उत्तम आहे. गिऱ्हाइकं मान डोलवत. धाकटी खाली मान घालून हुक लावत राही. हा टोमणा होता की आनंद, हे तिला ठरवता येईना, आणि खरं तर दोन्ही होतं.

तुकडा काढला. डॉक्टरने तो बाटलीत घालून दाखवला. पिवळट पडलेला, लिंबाच्या फोडीएवढा. थोरलीने बाटली उजेडात धरली. "एवढंसं?" ती म्हणाली. एवढंच म्हणाली.

पुढचे काही महिने धाकटीने खड्डा पडलेल्या चेहऱ्याने काढले. ओठ मिटत नसे. लाळ गळे आणि तिला कळत नसे. ती मागच्या खोलीतच बसायला लागली. गिऱ्हाइकासमोर जायची तिची हिंमत होईना, आणि हिंमत होत नाही याचंही तिला फारसं काही वाटेना. सकाळ व्हायची, संध्याकाळ व्हायची. थोरली अंगावर बसवायचं कामही करू लागली, टाचण्या ओठांत धरून, बहिणीसारख्या. मधेच आत यायची, अंगठ्याने धाकटीची हनुवटी पुसायची आणि बाहेर जायची. धाकटीला तो अंगठा येताना दिसे, जाताना दिसे. मधलं काही कळत नसे.

दुसऱ्या शस्त्रक्रियेआधी डॉक्टरने दोघींना बोलावलं. टेबलावर थोरलीच्या जबड्याचा पांढरा साचा होता.

"हे आपलं मूळ," डॉक्टर म्हणाला. "पण मी म्हणतो, घडवतोच आहोत तर जरासं पुढे घेऊ. जास्त नाही. प्रोफाइल फार सुंदर दिसेल. या वेळी आपलंच हाड आहे, धोका नाही."

तो वाईट माणूस नव्हता. त्याला चांगलं दिसायला हवं होतं, इतकंच. आणि चांगलं म्हणजे काय, ते त्याला कुणीतरी शिकवलेलं होतं. थोरलीने पर्स उघडली, बंद केली आणि खिडकीतून बाहेर पाहायला लागली. बाहेर समोरच्या इमारतीची भिंत होती. त्या भिंतीत बघण्यासारखं काहीही नव्हतं.

धाकटीने साचा उचलला. बोटांना अजून सगळं कळत होतं. तिने हनुवटीच्या कडेवरून अंगठा फिरवला, जिथे चेहरा लवकर आटपत होता तिथपर्यंत. कसंसंच होतंय का, ते तिने स्वतःला नीट विचारून पाहिलं. काहीच होत नव्हतं. ना नकोसं, ना हवंसं. फक्त माप ओळखीचं होतं. असं माप, की डोळे मिटून कापता येईल.

"यापेक्षा सुतभरही पुढे नको," ती म्हणाली.

थोरली भिंतीकडेच बघत राहिली. पण पर्सवरचा तिचा हात सैल झाला.

हनुवटी झाली. अगदी बरहुकूम झाली असं म्हणता यायचं नाही. कातडं इतकी वर्षं ताणलेलं, ते जुन्या कपड्यासारखं थोडं सैल बसलं, आणि कडेला एक बारीक शिवण राहिली. ओठ मिटायला लागला. कळायला मात्र काही लागलं नाही, आणि डॉक्टरनेही पुढे तो विषय काढणं सोडून दिलं.

धाकटी पुन्हा बाहेर बसायला लागली. त्यात एक दिवस पियानो दुरुस्त करणारा एक गृहस्थ आला. आठवड्यापूर्वीच थोरलीने त्याच्या कोटाचं माप घेतलं होतं. आता थोरली आतल्या खोलीत एका झग्याच्या बाहीशी झटत होती आणि काउंटरवर धाकटी होती.

"नमस्कार मोठ्या ताई," तो म्हणाला. "तुम्ही म्हणाला होतात, आज ये म्हणून."

आतलं काम थांबलं. धाकटीला ते जाणवलं.

गेल्या अठ्ठावीस वर्षांत या दुकानात ही चूक कुणी केली नव्हती. धाकटीच्या जिभेवर आलंही होतं, की मी नाही, ती आत आहे.

"तुम्हीच ना मोठ्या ताई?" तो जरा गोंधळला. "माप तुम्हीच घेतलंत ना माझं?"

"हो," धाकटी म्हणाली. "मीच."

आतून टाचण्या सांडल्याचा आवाज आला. फरशीवर, एकदम सगळ्या. धाकटी पडदा सारून आत गेली तर थोरली जमिनीवर बसली होती, तोंड उघडं, एक हात पोटावर, आणि आवाज न करता इतकी हसत होती की डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"झाला सुरू," ती कशीबशी म्हणाली. "झाला पुन्हा घोळ सुरू! आता बस निस्तरत."

धाकटी तिच्याशेजारी खाली बसली आणि दोघी टाचण्या वेचायला लागल्या.